नखाएवढं हिरवं

निवृत्त होऊन माधवनगरला राहायला आले तेव्हा शेजारच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "म्हणजे तुम्ही शेतकऱ्यांना अनुदान वाटायचात?" मी म्हटलं, वाटायला मी काय प्रसाद घेऊन बसले होते? एकतीस वर्षांच्या नोकरीत अनुदानाचा एक रुपयासुद्धा माझ्या हातून गेला नाही. मी खड्डे मोजले, नळ्या मोजल्या, झाडं मोजली. टेप धरून शेततळ्यात उतरले आणि दोनदा घसरून आपटले. हे ऐकून बाईंचा चेहरा जरा उतरला. शेजारी कुणी वजनदार अधिकारी राहायला आलीय, अशी त्यांची समजूत झाली असावी.

मी कृषी सहायक होते. शेतीखात्याच्या शिडीची ही सगळ्यात खालची पायरी, म्हणजे चिखलातली. अनुदान कसं मिळतं हे शहरातल्या लोकांना ठाऊक नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. शेतकरी अर्ज करतो, त्याला संमती मिळते, मग तो पदरच्या किंवा उसन्या पैशाने काम उरकतो. त्यानंतर आमच्यासारखं कुणीतरी शिवारात जाऊन ते काम खरंच झालंय का ते पाहतं, मोजतं आणि पंचनामा लिहितं. तो वर गेला की पैसे परस्पर शेतकऱ्याच्या खात्यात. आधी हे कागदावर चालायचं. आता मोबाइलवर फोटो काढायचा, त्यावर जागेचा ठावठिकाणा आपोआप उमटतो. म्हणजे मधला सगळा डोलारा उभा असतो तो पाहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर. माझे डोळे चांगले आहेत असा मला फार गर्व होता.

गर्वाला कारणंही होती. मी मूळची फलटणकडची, आणि नोकरीची पहिली वीस-एक वर्षं उसाच्या पट्ट्यातच गेली. तिथे ठिबकची तपासणी करताना एकदा सलग तीन शेतकऱ्यांच्या रानात मला त्याच नळीच्या गळतीवर बांधलेली तीच गुलाबी चिंधी भेटली. संच एकच होता, तो माझ्या आधी मधल्या वाटेने पुढच्या रानात जाऊन बसत होता. तिसऱ्या रानात मी त्या चिंधीला नमस्कार केला आणि म्हटलं, दमली असेल, आता हिला घरी न्या. याच्या अगदी उलटा नमुना म्हणजे एक निवृत्त सुभेदार. त्यांनी ठिबकच्या नळ्या अशा अंथरल्या होत्या की दोरी लावली तरी बोटभर फरक निघू नये. माझ्यासाठी पंचनामा स्वतःच टंकून ठेवला होता, आणि मी पाणी प्यायला बसले तर म्हणाले, आधी तपासणी, मग विश्राम. त्यांच्या कामात चूक काढायचा मी खूप प्रयत्न केला. सापडली नाही, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

फळबागेची गोष्ट मात्र निराळी. तिचं अनुदान तीन वर्षांत तीन हप्त्यांनी येतं. दुसऱ्या वर्षी शंभरातली ऐंशी झाडं जगलेली असली पाहिजेत, तिसऱ्या वर्षी नव्वद. तेवढी जगली नसतील तर पुढचे हप्ते बंद. त्यामुळे तपासणीच्या दिवशी सगळ्यांनाच झाडं जिवंत हवी असतात, आणि काही लोक ती तयारही करतात. एका बहाद्दराने पहाटे आंब्याच्या हिरव्यागार फांद्या आणून खड्ड्यांमध्ये खोचल्या होत्या. मी सहज एकीला हात लावला तर ती वर आली. दुसरी आली, तिसरी आली. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा हात लय जड हाय." तेव्हापासून मी प्रत्येक झाड हलकेच ओढून बघू लागले. आणि खड्ड्यात नुसती काडी दिसली की माझं कपाळ आपोआप आक्रसायला लागलं. ही सवय पुढे मला नडली.

नोकरीची शेवटची सात-आठ वर्षं उरलेली असताना माझी बदली सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात झाली. तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे बोलण्यात मधूनच कानडी डोकावतं, आणि उसाचा पाला बघायचा तर ट्रकमध्येच. गावातली निम्मी घरं मेंढपाळ धनगरांची. दसरा झाला की घरातले एक-दोघे मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, पाण्याच्या मुलखात. शेतकरी त्यांची मेंढरं रानात बसवून घेतात, लेंडीखत मिळतं, मेंढपाळांना धान्य मिळतं. पावसाच्या तोंडावर ते परततात. बायकाही सोबत जातात. चूल, भांडी, कोंबड्या, सगळं घोड्याच्या पाठीवर.

अशाच एका घरात सिदाप्पा नावाचे साठीचे गृहस्थ कर्ते होते. सातबारा त्यांच्या नावावर. धाकटा भाऊ मेंढरांमागे असायचा, आणि त्या भावाची बायको मायव्वा. एक एकरात सीताफळाची एकशे साठ रोपं लावायचा हट्ट मायव्वाचा होता. सीताफळच का, तर मेंढरू त्याला तोंड लावत नाही, हे तिला चालून चालून माहीत झालेलं. अर्ज, सही, अंगठा सगळं दिराचं, आणि झाडं मात्र हिची. पहिला हप्ता माझ्या आधीच्या सहायकाच्या काळात मिळून गेला होता. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीला मी गेले.

दिवस मार्चचे. आर्थिक वर्ष संपत आलेलं, आणि मार्चमध्ये सरकारी माणूस माणसात नसतो. त्या दिवशी मायव्वा गावात नव्हती. नवऱ्याच्या तळावर बाजरीचं पीठ आणि औषधं पोचवायला ती चार दिवस कराडकडे गेली होती. रानात मी आणि सिदाप्पा. समोर गुडघ्याएवढ्या उंचीच्या काड्या. पान म्हणून नाही. घराजवळच्या दोन ओळींना भांडी घासलेलं पाणी मिळत होतं, तिथे काही झाडांवर पिवळट पानं टिकली होती. मी काड्या ओढून पाहिल्या. घट्ट होत्या, म्हणजे लबाडी नव्हती. मी मनात म्हटलं, लावली खरी होती, पण वाळली बिचारी. पानं असलेली मोजली, अडतीस भरली. तेवढीच जिवंत लिहिली, फोटो काढले, माहिती मोबाइलवरून पाठवून दिली. सिदाप्पांनी पंचनाम्यावर अंगठा केला आणि एवढंच विचारलं की झाडं मेली असंच समजायचं ना. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, बरं झालं, एकदाचा निकाल लागला.

आता ज्यांना ठाऊक आहे ते हसायला लागले असतील. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतं. पार नागडं होतं, आणि वैशाखाच्या सुमाराला पुन्हा पालवतं. हे मी पदविकेला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण वीस वर्षं ऊस बघितलेल्या डोळ्यांना हिरवं म्हणजे जिवंत आणि वाळकं म्हणजे मेलेलं, एवढंच उरलं होतं. त्यातही गंमत अशी की आमचं आर्थिक वर्ष संपतं ते नेमकं हे झाड मेल्यासारखं दिसतं तेव्हा.

चार दिवसांनी, बुधवारी, मायव्वा कार्यालयात आली. एसटीने आली होती, हातात काही नव्हतं. पंचेचाळीसच्या आसपासची, उंच, पायांत पुरुषी वहाणा. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी झाडं म्येली लिवलं म्हणं."

मी फायलीतून मान वर न करता सांगितलं की जे दिसलं ते लिहिलं, आणि प्रत्येक झाड ओढून पाहिलंय.

"वढून काय कळतंय? नख लावून बघा की."

मला राग आला. मार्चमध्ये मला कुणीही काहीही शिकवलेलं चालत नसे. मी तिला दोन शब्द जास्तच सुनावले असावेत, कारण शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवली. ती मात्र हलली नाही. खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. दीर आणि तिचा करार असा होता की बाग जगली तर तिने घरी राहून बाग बघायची, मेली तर रान नांगरून बाजरी पेरायची आणि तिने येत्या दसऱ्याला पुन्हा मेंढरांमागे निघायचं. सरकारने मेली म्हणून लिहून दिल्यावर दिराने ट्रॅक्टर सांगून टाकला होता. शुक्रवारी यायचा होता.

"लगीन झाल्यापास्नं चालतीया मी," ती म्हणाली. "मला आता बारा म्हैनं एका जागी ऱ्हायाचंय, बाई. दुसरं काय मागत न्हाई."

मी पुन्हा फायलीत मान घातली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटर काढली. वाटेभर स्वतःला बजावत होते की मी केवळ तिचं समाधान करायला चालले आहे.

ती बांधावर वाट बघत होती. पहिल्या काडीपाशी बसली आणि अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. खाली हिरवं निघालं. ओलं, पोपटी, नखाएवढं. मग मी खाली बसले. माझी नखं आखूड कापलेली, बोटाच्या टोकाने साल निघेना, म्हणून मी स्कूटरची चावी काढली. तिने माझा हात धरला.

"चावीनं नगं. जखम खोल जाती. नखानं."

त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजून तशीच आहे. ज्या झाडाला मी पाच दिवसांपूर्वी सहीनिशी मारून टाकलं होतं, त्याला माझी चावी लागू नये म्हणून ही बाई जपत होती.

मग उन्हात आम्ही एकशे साठ झाडं केली. ती खरवडायची, मी बघायची, फोनवर फोटो घ्यायची. तिसऱ्या ओळीत एका काडीपाशी ती थांबलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ही म्येली." नख न लावताच. पुढेही मेलेली प्रत्येक काडी तिने आपणहून दाखवली. एकही लपवली नाही, आणि मी ज्यांना अशी लपवालपवी करताना पकडलं होतं ते सगळे मला त्या दिवशी आठवले. शेवटी एकशे त्रेचाळीस जिवंत भरली. लागत होती एकशे अठ्ठावीस.

दुपारी ओसरीवर सिदाप्पा भेटले. मी उभ्या उभ्याच सांगितलं की परवा मी चुकीचं मोजलं, झाडं जिवंत आहेत.

ते ओसरीच्या कडेला सरकून बसले. मग म्हणाले, "सरकार चुकतंय व्हय?"

"सरकारचं मला माहीत नाही. मी चुकले."

एकतीस वर्षांत शेतकऱ्यासमोर हे वाक्य मी तेवढं एकदाच म्हटलं. बाकीच्या वेळी चुकले नव्हते असं नाही. सिदाप्पांनी मुद्द्याचं विचारलं, मग आता पैसे येणार का. मी सांगितलं, खटपट करते, खात्री देत नाही. आले नाहीत तर काय, असं त्यांनी मला विचारलं, पण उत्तर आतून मायव्वाने दिलं.

"न्हाई आलं तर न्हाई. झाडं तर हाईत."

सिदाप्पांनी खिशातून फोन काढला आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "उद्याचं ऱ्हाऊ दे रं." मग आमच्याकडे वळून, "आखितीपतूर थांबतो. पालवलं तर ऱ्हाईल, न्हाई तर नांगर." अक्षय्य तृतीयेला अजून महिनाभराहून जास्त अवधी होता. एवढ्यावर ते कसे तयार झाले कोण जाणे. सरकारी बाई चुकले म्हणते हे ऐकूनच ते जरा गडबडले असावेत, असा माझा अंदाज.

आता खरं काम माझं होतं. मी साहेबांकडे गेले आणि पहिला पंचनामा माझ्या अज्ञानामुळे चुकला आहे असं लिहून दिलं. अज्ञान हाच शब्द लिहिला. साहेब भले होते, पण तेही मार्चमध्येच होते. त्यांनी माझ्या फोनवरचे फोटो चाळले. सगळ्यांत एक काडी, एक अंगठा आणि नखाएवढं हिरवं. ते म्हणाले, मॅडम, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण वर बसलेला माणूस हा फोटो बघून काय म्हणेल? पाहणीची माहिती एकदा गेली की प्रकरण आपोआप अपात्र होतं, ते उघडायचं तर जिल्ह्यातून. तरी त्यांनी शिफारस लिहिली. उत्तर आलं की छायाचित्रात झाडाला पाने दिसत नाहीत. तोवर मार्च संपला होता.

आखितीला मला आमंत्रण नव्हतं, तरी गेले. रात्री झोप लागली नव्हती हे कबूल करते. रानाच्या कडेला सिदाप्पा एकटेच बसले होते, मांडीशी पत्र्याचा डबा, डब्यात खडे. पालवलेल्या प्रत्येक झाडामागे एक खडा त्यांनी टाकला होता. म्हणाले, "मेंढरं मोजाय लागत न्हाईत, तोंडानं वळखू येत्यात. ही मोजाय लागली." खडे एकशे एक्केचाळीस होते. तुमच्या हिशोबात दोन कमी पडतात, असं त्यांनी मला कडक आवाजात सुनावलं, जणू ती दोन मी घरी घेऊन गेले होते. ती दोन पुढच्या आठवड्यात फुटली. मायव्वा कुठे आहे विचारलं तर त्यांनी हाताने दाखवलं. ती टोकाच्या ओळीत वाकून तांब्याने पाणी घालत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा पुढच्या झाडाकडे वळली. तिला वेळ नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर मला ती सांगताना बरं वाटलं असतं. पण अनुदानाचं काय झालं हेही सांगायला हवं. ऑगस्टमध्ये बाग हिरवीगार असताना मी नवे फोटो काढून पुन्हा प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं की प्रकरण यापूर्वीच बंद करण्यात आले आहे. मग स्वतः जिल्ह्याला गेले, दोनदा. तिथल्या माणसाने मला पडद्यावर माझाच पंचनामा दाखवला. जिवंत झाडे अडतीस, खाली माझं नाव. तो म्हणाला, मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? मी हो म्हटलं. दुसरा हप्ता नाही, तिसरा नाही. लबाडी करणाऱ्यांचे हप्ते अडवल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. पण सगळ्या नोकरीत एका पूर्ण प्रामाणिक माणसाचे हप्ते अडले, ते माझ्या सहीने. एकदा मी माझ्या पगारातले पैसे पाकिटात घालून तिच्याकडे नेले होते. तिने पाकीट हातात घेऊन बघितलं, विचारलं की यावर शिक्का का नाही, आणि परत दिलं. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

तेव्हापासून मी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं ते आजतागायत तसंच आहे. कार्यालयात चेष्टा व्हायची. नव्याने लागलेल्या सहायकांना मी बांधावर बसवून साल खरवडायला लावायची आणि ते एकमेकांकडे बघून हसायचे. हसोत.

मागच्या फेब्रुवारीत माझ्या जागेवर आलेल्या सहायकाचा फोन आला. चांगला हुशार मुलगा, वैतागलेला होता. कसल्याशा विम्याच्या पाहणीसाठी त्या गावात गेला होता. म्हणाला, मॅडम, एका सीताफळाच्या बागेत एक म्हातारा आडवा आला. आधी माझा हात मागितला, अंगठा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, नख न्हाई, तुमी झाडं मोजू नका, वाढवून या. काय करू? पंचनामा लिहू की नको?

मी हसू आवरत त्याला विचारलं, मग मोजली कुणी?

"घरातल्या एका बाईंनी, मॅडम. त्या पुढे नख लावत गेल्या, मी मागे लिहीत गेलो."

फेब्रुवारी म्हणजे मेंढरं अजून पश्चिमेला. त्या भागातली निम्मी गावं तेव्हा वाटेवर असतात. मी विचारलं, "मायव्वा घरी होती?"

त्याला प्रश्नाचा अर्थच कळला नाही. म्हणाला, "घरीच होत्या की. त्या कुठं जातात? बारा महिने तिथंच असतात."